रोडग्याच्या आरात सोडा ब्रेड

माझ्या नणंदेची पोरगी आयर्लंडमध्ये गॉलवेला नर्स आहे. तीन वर्षांनी मार्गशीर्षात घरी आली, बॅगा अजून ओसरीवरच होत्या आणि तिनं विचारलं, "मामी, चंपाषष्ठी झाली तं नाही ना?" नव्हती झाली, चार दिवस होते. ते ऐकून पोर तिथंच पायरीवर बसली आणि म्हणाली, "मंग मले रोडगा भेटते."

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, कापूस, तूर, सोयाबीन आणि विहिरीला पाणी राहिलं तर थोडा गहू, हरभरा. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा सगळ्याच महाराष्ट्रात दाखवतात, पण आमच्याकडं रोडगा नुसता नैवेद्यापुरता नाही, नवस फेडायचा असो की चार पाहुणे वावरात जेवायला बोलवायचे असोत, हिवाळाभर कुणाच्या ना कुणाच्या वावरातून गोवऱ्यांचा धूर निघताना दिसतोच. ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गहू गिरणीवरून जाडसर, हाताला रवाळ लागेल असा दळून आणायचा, त्यात मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन, कणिक घट्ट भिजवायची, पोळी लाटून तिला तेल लावायचं, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी आणि मग सगळं मिळून चांगला मुठीपेक्षा मोठा गोळा वळायचा. गोवऱ्यांचा धूर संपून लाल आर झाला की गोळे त्यात ठेवायचे, वरून आर ओढायचा आणि उलटवत राहायचं. वरची साल ठिक्कर होते, आत पदर सुटतात. फडक्यानं राख झटकायची, फोडायचा, तुपात बुडवायचा आणि सोबत वांग्याची भाजी.

तर चंपाषष्ठीचं जेवण झालं, भांडी आवरायला घेतली आणि भाची म्हणाली, "आजी, आर विझवू नको, मले तिकडची भाकर करून दाखवायची हाय."

आता ही "तिकडची भाकर" म्हणजे सोडा ब्रेड. तिकडं पहिल्या हिवाळ्यात नाईट ड्युटीच्या मधल्या सुट्टीत सोबतच्या एका वयस्क नर्सनं घरून आणलेला ब्रेडचा तुकडा हिला दिला होता, गव्हाचा, तपकिरी, वर खारं लोणी लावलेलं. पोर तेव्हा फार एकटी पडली होती, फोनवर आम्हाला काही सांगायची नाही पण आवाजावरून कळायचं. ती म्हणाली, "मामी, कडेचा कडक भाग दातात आला अन् मले आपलं खळं आठवलं, आबाजी आर उकरून राहिले अन् आपण सारे गोल बसून आहो असं." तिनं त्या बाईंना करायची पद्धत विचारली, तर त्या म्हणाल्या चारच वस्तू लागतात. पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक.

ताक म्हटल्यावर आत्याबाईंनी मान वर केली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि घुसळण आजही त्यांच्याच हातात आहे.

हे ताक प्रकरण मला नीट सांगायचंय कारण सगळं त्याच्यावरच आहे. आयर्लंडमध्ये जुन्या काळी या ब्रेडमध्ये जायचं ते लोणी काढून मागं उरलेलं आंबट ताकच, ज्या घरी गाय तिथं घुसळण आणि जिथं घुसळण तिथं ताक उरणारच. आता तिकडच्या दुकानांत बटरमिल्क म्हणून जे मिळतं ते बहुतेक करून दुधाला विरजण लावून दाट केलेलं असतं, त्यातून लोणी काढलेलं नसतं. म्हणजे अस्सल जुन्या पद्धतीचं ताक भाचीला गॉलवेच्या दुकानात मिळत नाही आणि आमच्या घरी आठवड्यातून दोनदा गंजभर उरतं, अर्धं गल्लीत वाटतो. विरजण दुधातल्या साखरेचं लॅक्टिक ॲसिड करतं, त्यानंच ताक आंबट लागतं. ॲसिड सोड्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि पीठ फुगतं. यीस्ट नाही, रात्रभर झाकून ठेवणं नाही. पण बुडबुडे लगेच सुटायला लागतात आणि लगेच संपायलाही लागतात, म्हणून विस्तव आधी तयार ठेवायचा आणि ताक नंतर ओतायचं.

पिठासाठी आम्ही रोडग्याचंच उरलेलं पीठ घेतलं. आमच्याकडं दोन गहू असतात, पोळीला लोकवन आणि रोडगे, शेवया, सरगुंड्यांना बन्सी. बन्सी कडक दाण्याचा, रवाळ दळला जातो, पाणी जास्त पितो. आयर्लंडचा गहू याच्या उलट, तिथं पाऊस, ओल, थंडी, त्यामुळं गहू मऊ येतो, त्यात ताण धरणारं प्रोटीन कमी, यीस्टचा उंच हलका ब्रेड त्याचा नीट होत नाही. यीस्ट हळूहळू वायू सोडतं, तो तासन् तास धरून ठेवायला कणकेत चिवट जाळं लागतं. सोडा झटकन काम करून मोकळा होतो, त्याला तेवढ्या चिवटपणाची गरजच नाही. त्यामुळंच तिकडं हा ब्रेड जमून गेला आणि त्यामुळंच आपली ज्वारी पण त्यात खपते, जी यीस्टच्या ब्रेडमध्ये जास्त घातली तर ब्रेड बसतो. तिकडच्या तपकिरी ब्रेडमध्ये पुष्कळ जण ओट घालतात, त्यांच्या ओल्या हवेत ओट चांगला येतो. आपण कोरडवाहूवाले, आपल्या हवेत ज्वारी येते, मी ज्वारी घालते.

भाचीनं पितळी परातीत पीठ घेतलं, मीठ घातलं, सोडा चाळणीनं चाळून घातला, त्याची गाठ राहिली तर तेवढ्या घासाला कडू लागतं म्हणून. वर मूठभर जवस टाकला. बोटांनी सगळं वरखाली केलं, मधे विहिरीसारखा खड्डा केला आणि त्यात ताक ओतलं. मग एका हाताची बोटं ताठ, फाकवून, दाताळ्यासारखी, आणि परातीत गोल गोल, तीन-चार फेरे. पीठ एकत्र आलं, अजून ओलं, खरबरीत, चिकट. आणि थांबली. बस, झालं म्हणाली.

आत्याबाईंना ते पाहवेना. त्या सरकून पुढं आल्या, बाह्या सारल्या आणि कणिक तिंबायला लागल्या, तळहाताचा घट्टा लावून, आयुष्यभर लावत आल्या तसा. भाचीनं त्यांचं मनगट धरलं. "आजी, नाही, याले तिंबायचं नसते. तिंबलं की दगड होते." त्या बाईचा हात परातीत तसाच थांबला, बोटांना पीठ लागलेलं, मला तो हात अजून दिसतो. साठ वर्षं रोज दोन वेळा ज्या हातानं कणिक मळली त्याला तुझं काम नाही म्हणायचं, सोपं नाही ते. त्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाल्या, "बरं बाप्पा, तुह्या रीतीनं कर." आणि मग लगेच, "पण गोळा मी वळतो." तेवढं भाचीनं करू दिलं. पिठी लावून हलक्या हातानं गोल केलं, वरून दाबून चार बोटं उंचीचं, आणि त्यांनी ते असं अलगद उचललं जसं न्हाऊ घातलेलं लेकरू उचलतात.

मग चीर. वर सुरीनं आरपार अधिकाची खूण करायची, चांगली खोल. तिकडं म्हणतात यातून पऱ्या बाहेर जातात, कुणी म्हणतं तो क्रूस आहे, भाकरीला आशीर्वाद. कामाची गोष्ट अशी की जाड गोळ्याच्या पोटात ऊब लवकर पोचते आणि ब्रेड वाटेल तिथं न फाटता त्या चिरेवर उमलतो, वर चार तुकडे हातानं मोडता येतात. आत्याबाईंनी चिरा पाहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भरल्या वांग्यावाणी."

आता भांडं. तिकडच्या जुन्या घरांत, खासकरून दक्षिण आणि पश्चिम भागात, भट्टी नसायचीच. बॅस्टिबल नावाचं तीन पायांचं, सपाट बुडाचं, झाकणाचं बिडाचं भांडं असायचं, इंग्लंडच्या डेव्हनमधल्या बार्नस्टेपल गावावरून ते नाव पडलं म्हणतात. ते भांडं विस्तवावर टांगायचं किंवा ठेवायचं आणि झाकणावर पेटते निखारे रचायचे. जळण म्हणजे पीट, दलदलीत हजारो वर्षं साचून दबलेला झाडपाला, विटांसारखा कापून वाळवलेला. उत्तरेकडं, अल्स्टरमध्ये, तव्यावर भाजतात, चपटा गोल करून चार भाग करायचे, त्याला फार्ल म्हणतात. मी हे ऐकताना आमच्या आराकडं पाहत होते. त्यांचं पीट, आमच्या गोवऱ्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या. जे रानात फुकट मिळतं ते जाळायचं आणि खाली-वर दोन्हीकडून विस्तव देऊन भाकर भाजायची, दोन्हीकडच्या बायकांना हे कुणी शाळेत शिकवलं नव्हतं.

आमच्याकडं बिडाची जड कढई होती, तिच्यावर बसेल असं लोखंडी झाकण नव्हतं, म्हणून भाकरीचा जुना तवा पालथा घातला. कढई आधी तापवून घेतली, बुडाला पिठी भुरभुरली, गोळा ठेवला, तवा झाकला. खाली आर कमी, वर जास्त, हे मी आता दहा वेळा करून सांगते, खालचा विस्तव जोराचा असला तर बूड जळतं आणि पोट कच्चं राहतं. पाऊण तास लागला. मधून कुणी झाकण काढलं नाही, वासावरच राहिलो. आधी ताकाचा आंबूस वास आला, मग भाजल्या गव्हाचा, मग जवसाचा तेलकट खमंग, आणि तो आला तसा माझा पोरगा क्रिकेट टाकून अंगणात येऊन उभा राहिला.

तवा काढला तर चारी पाकळ्या उमललेल्या. भाचीनं फडक्यात धरून ब्रेड उलटा केला आणि बुडावर बोटाच्या पेरानं ठोकलं, टक टक, पोकळ आवाज आला म्हणजे झाला. लगेच कापायचा नाही, सुती फडक्यात गुंडाळून ठेवायचा, त्यानं साल थोडी नरमते आणि आतला गर बसतो. अर्धा तास कसाबसा काढला. मग लोणी, सकाळचंच काढलेलं, वर मीठ. आत्याबाईंचे दात फार नाहीत, त्यांना आतला मऊ भाग दिला, त्यांनी हळूहळू घोळवून खाल्ला आणि म्हणाल्या, "हे तं रोडगाच हाय वं, ताकातला."

त्या रात्री भाची या ब्रेडबद्दल कितीतरी सांगत बसली होती आणि नंतर मीही वाचलं. लोकांना वाटतं ही हजार वर्षांची आयरिश परंपरा आहे, तसं नाही, खायचा सोडा तिथं घरोघरी यायला लागला तोच १८३० नंतर. आयर्लंडमधल्या न्यूरी गावच्या पेपरातली सोडा घालून ब्रेड करायची कृती नोव्हेंबर १८३६ मध्ये लंडनच्या फार्मर्स मॅगझिननं छापली, जुन्यात जुनी छापील कृती म्हणून तीच सांगतात. सोडा यायच्या आधी अमेरिकेत लाकडाच्या राखेतून काढलेला खार पीठ फुगवायला वापरायचे, अठराव्या शतकाच्या शेवटी. हे वाचून मला आपला पापडखार आठवला, केळीची राख भिजवून खार काढून त्याचे पापड करणाऱ्या बाया अजून आहेत.

आणि मग १८४५. आयर्लंडच्या गरिबाचं पोट बटाट्यावर होतं, तेही मुख्यतः एकाच जातीच्या बटाट्यावर. त्यावर करपा आला. आपण बटाट्यावर, टमाट्यावर ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतो तोच, ढगाळ ओल्या हवेत दोन दिवसांत शेत काळं करणारा. त्यानंतरही काही वर्षं पीक गेलं. दहाएक लाख माणसं उपासानं आणि रोगानं मेली, तेवढीच किंवा जास्त जहाजांत बसून निघून गेली, १८४१ च्या मोजणीत ८१ लाख असलेली लोकसंख्या १८५१ ला ६५ लाखांवर आली. आणि त्याच वर्षांत बंदरांतून धान्य बाहेर जात होतं. गहू, ओट, लोणी, सगळं इंग्लंडला. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. आमच्या घरानं २०१७ साली गुलाबी बोंडअळी पाहिलीय, बोंड हिरवं, बाहेरून चांगलं, फोडलं की आत अळी. तो दुष्काळ आणि आमचं ते वर्ष एका मापाचं नाही, मला तसं म्हणायचंही नाही, आमच्या घरात खायला होतं. पण सगळं वावर एकाच पिकाचं आणि ते पीक गेलं की घरात जी शांतता पडते ती मला माहीत आहे. त्या वर्षी आमच्या धुऱ्यावरच्या ज्वारीनं आणि घरच्या दुभत्यानं आम्हाला धरलं. त्यामुळं गरिबाच्या घरातली गाय, तिचं ताक आणि चिमूटभर सोडा यांची भाकर त्या देशात पुढच्या काही वर्षांत इतकी का रुजली हे मला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

भाची गेली. नंतर मी एकटीनं केला तेव्हा दोनदा बिघडला. पहिल्यांदा वाटलं सोडा जास्त घातला तर जास्त फुगेल, तर ब्रेड आतून पिवळट झाला आणि साबणासारखा लागला. ताकात जेवढं ॲसिड तेवढाच सोडा खपतो, उरलेला तसाच जिभेवर येतो. दुसऱ्यांदा ताक ताजं, गोड होतं, सोड्याला काही भेटलंच नाही, ब्रेड वीट झाला. तेव्हापासून ताक एक दिवस बाहेर आंबू देते, उन्हाळ्यात रात्रभर पुरतं. आणि गिरणीचं पीठ तिकडच्या पिठापेक्षा जास्त ओलं मागतं हे हातानं कळत गेलं, इंटरनेटवरच्या मापानं केला की कोरडा होतो.

माझं आताचं माप सांगते, तुम्ही आपल्या गिरणीप्रमाणं कमीजास्त करा. लोकवनाचं जाडसर पीठ, न चाळलेलं, २५० ग्रॅम, बन्सीचा रवाळ भरडा १२० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ८० ग्रॅम, जवस दोन चमचे, मीठ एक लहान चमचा, सोडा एक लहान चमचा सपाट, शीग नको, आणि आंबट ताक ४०० मिली, थोडं हाताशी राखून. गूळ घालायचा असेल तर ताकात विरघळवून एक चमचा, मी बहुतेक घालत नाही. ज्यांच्याकडं ओव्हन आहे त्यांनी आधी चांगला तापवून २२० अंशांवर १५ मिनिटं आणि मग २०० वर अर्धा तास. आमच्याकडं संध्याकाळी लाइट जाते तर जाते, म्हणून मी चुलीवरच. पीठ मात्र ताजं दळलेलं घ्या, न चाळलेल्या पिठात गव्हाचा अंकुर असतो, त्यात तेल असतं, फार दिवस ठेवलं की खवट वास येतो आणि ब्रेडमध्ये तो वास लपत नाही.

पावाची गाडी गावात रोज सकाळी येते आणि मी पाव कधीच आणत नाही असं नाही. पण कोंडा अंकुर सगळं काढून टाकलेला मैदा आपण विकत आणायचा आणि घरचा गहू व्यापाऱ्याला विकायचा, हे मला वर्षानुवर्षं खटकत होतं, मुलाच्या डब्यात पाव-भाजी भरताना तर फारच. आता आठवड्यातून दोन दिवस त्याच्या डब्यात याचे काप जातात, जवसाची चटणी आणि लोणी लावून. दुसऱ्या दिवशी जरा कडक होतो तेव्हा तव्यावर शेकून घ्यायचा, तिसऱ्या दिवशी राहिलाच तर कुस्करून फोडणी द्यायची, पोळीचा कुस्करा करतो तशी. पातळ पिठल्यासोबत फार छान लागतो, चिरेच्या कडा पिठल्यात बुडवून.

गुरुवारी घुसळण असते. आत्याबाई आता लोणी काढून झालं की सगळं ताक वाटून टाकत नाहीत, एक तांब्या झाकून उतरंडीजवळ ठेवतात आणि शुक्रवारी दुपारी मला विचारतात, "काय वं, आज कढई काढत नाही?" ताक मी ओतते, बोटं मी फिरवते, गोळा त्या वळतात, चीर पण आता त्याच देतात आणि माझ्यापेक्षा खोल देतात. भाजून निघाला की चिरेवरून मोडून चार तुकडे करतात. एक पोराला, एक माझ्यासाठी आणि यांच्यासाठी, एक त्यांचा. चौथा फडक्यात बांधून फडताळात ठेवतात, त्याला हात लावू देत नाहीत. रात्री आठच्या सुमाराला फोन येतो, तिकडं तेव्हा दुपार असते, भाचीचा चेहरा दिसला की आत्याबाई फडकं सोडतात, तो तुकडा फोनच्या अगदी जवळ नेतात, इतका जवळ की तिला नुसतं तपकिरी काहीतरी दिसत असेल, आणि विचारतात, "पाय बरं, आतून शिजला का?"